सातव्या महिन्याचा जिताडा

खारतळ्याच्या फाटकाशी मिथुन नावाचा रखवालदार उभा होता आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उघडून बघत होता. प्लास्टिक नको, खाण्याचं काही नको, गाणी वाजवायचं यंत्र नको. सोनूबाईंनी आपली पिशवी त्याच्यापुढे अशी पसरली, जशी बाजारात पाटी मांडतात. आत एक टॉवेल होता, पाण्याची स्टीलची बाटली होती आणि पानाची डबी होती. मिथुनने डबी उघडली नाही. म्हाताऱ्या बाईची पानाची डबी कोण उघडतो? उघडली असती तर पानांच्या खाली, केळीच्या पानात गुंडाळलेल्या ताज्या कोलंब्या त्याला दिसल्या असत्या. गरी मात्र त्याला सापडलीच नसती. ती सोनूबाईंच्या अंबाड्यात होती, अबोलीच्या वेणीखाली, दोरा गोल गुंडाळून आणि गळ कापसात खुपसून.

नीलाला हे सगळं माहीत होतं. अंबाडा तिनंच बांधून दिला होता.

“काकी, आज एकट्या नाही वाटतं?” मिथुन नीलाला म्हणाला.

सोनूबाईंनी मान वळवली. “तुला वलखतो हा?”

“साखर हाय ना मला. डॉक्टर चालाय सांगतो. येते कधी कधी.”

“कधी कधी?” मिथुन हसला. “आजी, काकी तर...”

“चला, ऊन चढंल,” नीला म्हणाली आणि कल्पिताचा हात धरून पुढे झाली.

सोनूबाई ही नीलाची सासू. पंच्याहत्तरी उलटलेली, दोन्ही डोळ्यांत पडदा आलेला, पण पाठ ताठ. कल्पिता ही नीलाच्या मोठ्या जावेची सून, कृणालची बायको. माहेर घाटकोपरचं, डोंगरावरच्या वस्तीतलं, आणि माणसं मूळची मालवणकडची. तिला नुकता सातवा महिना लागला होता. नीला धाकट्या परेशची बायको. तिला मूल नव्हतं.

मुलुंडला हायवे ओलांडून खाडीकडे गेलं की त्यांचा लहानसा कोळीवाडा होता आणि त्या कोळीवाड्याची एक रीत होती. घरात सून आली की सासूनं खाडीच्या तोंडावरून जिताडा माशाचं बोटभर पिल्लू आणायचं आणि सुनेच्या हातून ते खारतळ्यात सोडायचं. मग रोज संध्याकाळी सुनेनं तळ्याकाठी आपल्या घराच्या दगडावर बसायचं, करवंटीनं दगडावर ठोके द्यायचे आणि कोलंबीची डोकी पाण्यात टाकायची. घराघराचा ठोका वेगळा. सोनूबाईंच्या घराचा ठोका दोन लागोपाठ आणि एक थांबून. पिल्लू तो ठोका ओळखायला शिकायचं, ठोक्यावर काठाला यायचं, खाऊन मोठं व्हायचं. सुनेला सातवा लागला की त्याच ठोक्यानं त्याला बोलवायचं, गरी टाकायची आणि त्याचं कालवण सुनेच्या ताटात वाढायचं. लग्न लागून सून घरात येते ती पाहुणी म्हणून. तळ्यातला मासा खाल्ला की ती घरची होते, असं तिथल्या बायका मानायच्या.

पुढे तळं राखीव झालं. भोवती कुंपण आलं, चालायला मातीची वाट झाली, बसायला बाक आले, पक्षी बघायला बांबूचा आडोसा उभा राहिला. मासे धरायची बंदी आली आणि रीत आपोआप सुटली. घरोघरच्या सासवांनी बाजारातला जिताडा आणून भागवून घेतलं. सोनूबाईंना ते कधी पटलं नाही. कृणालचं लग्न झालं तेव्हा त्या एकट्याच जाऊन, भरतीचं पाणी जिथून तळ्यात येतं त्या उघाडीपाशी, कुंपणाच्या तारेतून एक पिल्लू सोडून आल्या होत्या. कल्पितासाठी.

“बाजारातला मासा कुनाचाबी असतो,” त्या म्हणायच्या. “माझ्या नातसुनंला मी परका मासा नाय खिलवनार.”

कल्पितालाही तो मासा हवा होता. पहिले पाच महिने तिनं उलट्यांत काढले होते. रक्त कमी, चेहरा पिवळा, आणि वर वाड्यातल्या बायकांची चेष्टा. तू काय गो घाटकोपरची, तुला जिताडा नि रावस यातलं काय कलतं? परवा सोनूबाईंनी तिला तळ्यातल्या माशाचं सांगितलं तेव्हा ती कितीतरी दिवसांनी उठून बसली आणि म्हणाली, “आजी, त्याच्यात तिरफळं घालशील ना पण?” सोनूबाईंनी जिताड्यात तिरफळ हे ऐकून कपाळाला हात लावला. पण त्या रात्री पोरगी पोटभर जेवली.

एक गोष्ट मात्र सोनूबाईंच्या ध्यानात आली नव्हती. कल्पिताचं पिल्लू तारेतून सोडलं ते सोडलं. त्याला कधी कुणी ठोका शिकवला नव्हता. दगडावर कितीही वाजवलं तरी ते येणार नव्हतं. येणार होता तो दुसराच. आणि दुसरा कोण, हे एकट्या नीलाला ठाऊक होतं.

थंडीचे दिवस होते. खाडीवरचं धुकं रात्रीतून तळ्यावर सरकलं होतं आणि उठायचं नाव घेत नव्हतं. पलीकडचे टॉवर कमरेपासून वरच दिसत होते, आभाळाला टांगून ठेवल्यासारखे. हायवेचा आवाज येत होता, पण लांबच्या लाटांसारखा, अंगाला न लागणारा. उथळ पाण्यात शेकाटे उभे होते. लाल काड्यांसारखे त्यांचे पाय आणि त्या पायांखाली तेवढेच पाण्यातले पाय. कुठला पक्षी खरा आणि कुठला पाण्यातला, हे एखादा हलेपर्यंत कळत नव्हतं.

“केवढं शांत आहे,” कल्पिता म्हणाली. तिचा आवाज आपोआप खाली आला होता. “काकी, तू मला कधी आणलं नाहीस ते इथं.”

“उलट्या होत होत्या तुला.”

“उलट्या इथं पण केल्या असत्या. छान वाटलं असतं.”

नीला हसली. तिचे पाय या वाटेवर नेहमी हळू पडत. फाटकातून आत आलं की तिला वाटे, आपण चालत नाही, कुणीतरी आपल्याला पाण्यावरून सोडून दिलंय. तिला एक स्वप्न पुन्हा पुन्हा पडायचं. स्वप्नात तळं उठून घरी यायचं. उंबरा ओलांडून खाटेखाली शिरायचं, भांडी न हलवता, परेशची झोप न मोडता. ती खाट तरंगत असायची आणि खालून कुणीतरी पाठीनं खाटेला हलकेच ढुशी द्यायचं. जागी झाली की तिच्या तळव्यांना पाण्याचा वास यायचा. तसा तो यायचाच, कारण आदल्या संध्याकाळी ती इथं आलेली असायची.

ती या घरात सून म्हणून आली तेव्हा कृणाल दुडुदुडु धावत होता. सोनूबाईंनी पितळी कळशीतून आणलेलं पिल्लू तिच्या ओंजळीत ओतलं होतं. पारदर्शक, पाण्याहून थोडंसं जाड. “हा तुझा,” सासू म्हणाली होती. “नीट पोस. सातव्यात तुझ्या ताटात यायचाय.” नीला रोज संध्याकाळी यायची, दगडावर ठोके द्यायची. पहिल्यांदा पिल्लू ठोक्यावर आलं तेव्हा ती धावत घरी सांगायला गेली होती. मग एकदा तिचा पाचवा महिना सरता सरता सगळं संपलं. पुढल्या वर्षी पुन्हा तसंच झालं. त्यानंतर काही झालंच नाही. त्याच सुमाराला मुंबईत मोठा पूर आला, तळ्याचा बांध फुटला आणि सगळ्यांचे मासे खाडीत वाहून गेले. सगळ्यांनी तळं रिकामं धरलं. सोनूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, “गेला ते बरं झालं. डोल्यापुढं नको.” त्यांनी ते वाईट मनानं म्हटलं नव्हतं. नीलानं ते कुठंतरी खाली ठेवून दिलं होतं.

बांध पुन्हा बांधला गेला. एका संध्याकाळी नीला चिंबोऱ्या बघायला म्हणून तिकडं गेली, दगडावर टेकली आणि हातातल्या काठीनं उगाच वाजवत बसली. दोन लागोपाठ, एक थांबून. पाण्यावर एक रेघ उठली आणि सरळ तिच्याकडे आली. तो हातभर झाला होता.

तिनं ते कुणाला सांगितलं नाही. परेशलाही नाही. सांगितलं असतं तर कुणीतरी म्हटलं असतं की मग आता त्याचं काय करायचं. सातवा तर लागत नाही. तेव्हापासून ती येत राहिली. कुंपण नव्हतं तेव्हा चिंबोऱ्यांच्या निमित्तानं, कुंपण आल्यावर साखरेच्या. पदराच्या गाठीत कोलंबीची डोकी असायची. मिथुनला ते कळलं होतं की नाही देव जाणे, पण तो गाठीकडे कधी बघत नव्हता.

आणि आता सासूच्या अंबाड्यात गरी होती.

बोलायला किती लागतं? आये, तो माझा आहे, एवढंच. पण हे वाक्य नीलाच्या तोंडून बाहेर पडलं की वाड्यात काय होऊन फिरेल, हे तिला दिसत होतं. जिला पोर नाही तिनं पोटुशीच्या ताटातला मासा ओढून घेतला. कल्पिताला पुढे काही झालं, नुसतं डोकं दुखलं, तरी ते याच वाक्याशी आणून बांधतील. कल्पिता या घरात आल्यापासून नीला तिच्या वाढत्या पोटाकडे सरळ बघतसुद्धा नसे, दुसऱ्यांनी काही म्हणायला नको म्हणून. तिच्यासाठी पेज करायची, तिचे पाय चेपायची आणि बघायची भिंतीकडे.

म्हणून तिनं आपल्यापरीनं केलं होतं ते एवढंच. काल संध्याकाळी येऊन त्याला दुप्पट खाऊ घातलं होतं. पोट भरलेलं असलं तर गरीकडे तो बघणार नाही, असा तिचा हिशोब होता.

सोनूबाईंच्या दगडापाशी पोचल्या तर तिथं आधीच माणसं होती. चार-पाच जण, गळ्यात दुर्बिणी, एकाच्या हातात कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढा कॅमेरा. त्यांची म्होरकी रेवती नावाची बाई होती, पार्ल्याच्या कॉलेजात शिकवणारी. दर रविवारी ती लोकांना पक्षी दाखवायला आणायची. दगडापासून थोड्या अंतरावर, पाण्यात झुकलेल्या तिवराच्या फांदीवर खंड्या बसला होता. धुक्यात त्याचा निळा रंग तेवढा जागा होता.

सोनूबाई सरळ जाऊन दगडावर बसल्या.

“आजी,” रेवती अगदी हळू म्हणाली, “जरा हलू नका हं. तो बसलाय.”

“बसू दे की. मीबी बसलेय.”

कॅमेरेवाला मुलगा हसू दाबत वळला. कुणीच हललं नाही. बऱ्याच वेळानं खंड्या पाण्यात पडला आणि मासोळी घेऊन वर आला. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

“पकडला,” कल्पिता कुजबुजली.

“त्याला कुनी पिशवी उघडाय सांगत नाय,” सोनूबाई म्हणाल्या.

रेवतीनं त्यांच्याकडे पाहिलं, तिला काय कळलं कोण जाणे, पण ती हसली आणि आपल्या माणसांना घेऊन बांबूच्या आडोशाकडे निघून गेली. धुक्यात ती माणसं आधी करडी झाली, मग नाहीशी झाली. तळ्याकाठी तिघी जणी उरल्या.

“सोड गो अंबाडा,” सोनूबाई नीलाला म्हणाल्या.

नीलानं वेणी काढली, पिना काढल्या. पांढरे केस पाठीवर पडले आणि त्यातून दोऱ्याचं वेटोळं हातात आलं. सोनूबाईंनी डबी उघडून कोलंबी पुढे केली. “माझे डोले नाय चालत. तूच ओव.”

नीलानं गळाला कोलंबी ओवली. हाताला सवय होती, बोटांनी ते काम तिला न विचारता केलं. ओवून झाल्यावर ती आपल्या बोटांकडे बघत राहिली.

“करवंटी?”

“विसरले.”

“विसरली म्हनं. नवी नवरी असतीस तर कान पकडला असता.” सोनूबाईंनी हात फिरवून वाटेवरचा एक गोटा उचलला. “दगडानं दगड वाजतोच की.”

त्यांनी ठोके दिले. पण हाताला आता ते जमेना. दोन लागोपाठचे तीन झाले आणि थांबून द्यायचा तो राहूनच गेला. पाणी जसंच्या तसं. त्यांनी पुन्हा दिले, पुन्हा तसेच. नीलाच्या छातीत काहीतरी सैल होत गेलं.

“तू वाजव,” सोनूबाईंनी गोटा कल्पिताला दिला. “तुझा हाय, तुझ्यानं यायचा.”

कल्पिता पोट सांभाळत बाकावरून उठली, दगडाशी टेकली आणि दार ठोठावल्यासारखं भराभर वाजवलं.

“असं काय पोलीस आल्यागत?” सोनूबाई म्हणाल्या. “नीले, दाखव तिला. आपला ठोका हिला ठाव नाय.”

गोटा नीलाच्या हातात आला. तो कल्पिताच्या तळव्यानं गरम झाला होता. आता सगळं तिच्याच हातात होतं. चुकीचं वाजवायचं, एवढंच. तीन लागोपाठ, किंवा चार. सासूचे कान म्हातारे झाले होते, कल्पिताला ठोका माहीतच नव्हता. कुणाला कळलं नसतं. थोड्या वेळानं सोनूबाई म्हणाल्या असत्या, मेला बहुतेक, आणि तिघी घरी गेल्या असत्या.

तिनं हात उचलला. आणि हाताला खोटं वाजवता आलं नाही.

दोन लागोपाठ. एक थांबून.

आधी काहीच झालं नाही. मग लांब, तिवराच्या सावलीत, धुकं जरासं हललं. पाण्यावर एक रेघ उमटली, केसाएवढी, आणि काठाकडे येऊ लागली. तिच्या मागे पाणी दोन्ही बाजूंना दुमडत होतं. शेकाटे न उडता बाजूला झाले. रेघ जवळ आली तशी खाली एक सावली दिसू लागली, आणि ती सावली संपेचना. मग तो काठाशी येऊन थांबला. पाठ गडद, कडा चांदीच्या, डोळा तापल्या तांब्यासारखा. एखादं शाळेत जाणारं पोर पाण्यात आडवं पडावं एवढा होता.

कल्पितानं नीलाचं मनगट धरलं.

सोनूबाईंना आकार दिसला नव्हता, पण पाण्याचा आवाज त्यांनी ओळखला. त्यांनी गरी सोडली. कोलंबी त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर पाण्यात उतरली आणि हलत राहिली. त्यानं तिकडे तोंड वळवलं. त्याला भूक नव्हती, नीलानं ती ठेवली नव्हती. पण इथून येणारं खायचं, एवढंच तो आयुष्यभर शिकला होता. त्याचं तोंड उघडलं.

नीला पाण्यात उतरली. चपला, लुगडं, सगळ्यासकट, एका पावलात गुडघ्यापर्यंत. ती दोरा आणि मासा यांच्या मधोमध उभी राहिली. तो पळाला नाही. वळून तिच्या पोटरीला अंग घासून गेला आणि परत आला.

“नीले,” सोनूबाई म्हणाल्या. “बाहेर ये. काय डोकं फिरलं तुझं?”

“आये, गरी वर घे.”

“बाहेर ये सांगते.”

“हा कल्पीचा नाय.” नीलाचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला, कुठून तरी लांबून आल्यासारखा. “हा माझा हाय.”

सोनूबाई दगडावरून खाली वाकल्या. पाण्यावर इतक्या वाकल्या की केसांची टोकं पाण्यात बुडाली. पडदा आलेल्या डोळ्यांनी त्यांनी त्या सावलीला डोक्यापासून शेपटीपर्यंत पाहिलं. मग त्यांचे ओठ हलू लागले. कृणालचं लग्न. उघाडीजवळची तार. ठोका कुणी शिकवला. नीलाला त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जागेवर बसताना दिसत होती.

“कवापासून?” त्यांनी विचारलं.

“पूर वसरला तवापासून.”

“परेशला ठाव हाय?”

“कुनालाच नाय.”

दोरा सोनूबाईंच्या हातात सैल पडला होता. “लोक काय म्हनतील ठाव हाय तुला? पोटुशीच्या तोंडचा घास...”

“ठाव हाय. म्हनून तर इतकी वरसं गप हाय.” नीला कल्पिताकडे वळली आणि पहिल्यांदाच तिनं तिच्या पोटाकडे सरळ पाहिलं. “तुला काय वाटलं तर वाटू दे, पोरी. मी तुझ्यासाठी काय पन करीन. ह्याला नाय देनार.”

कल्पिताच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते कशाचं, हे नीलाला कळेना. पोरीनं दोन दिवस याच घासाची वाट पाहिली होती. ती हळूच दगडावर बसली, पाय पाण्याला लागतील इतकी पुढे सरकली, आणि मासा नीलाच्या पायांभोवती फिरत होता तो बघत राहिली. एक फेरी. दुसरी फेरी. पाण्यात त्याचं फिरणं असं होतं, जसं एखादं माणूस झोपेत कूस बदलतं.

“हा तुला ओळखतो,” कल्पिता शेवटी म्हणाली.

“व्हय.”

“आणि माझा? माझा कुठाय?”

“ठाव नाय गो. त्याला ठोका कलत नाय. कुनी शिकवलाच नाय.” नीलानं तिवरांच्या दिशेनं हात केला. “तिथं तिवराखाली एक लहान फिरतो. दोनदा दिसला. तोच असंल, नसंल. शिकवायचा असंल तर मी शिकवते. चार-सहा महिन्यांत याय लागंल.”

कल्पितानं तिवरांकडे पाहिलं. तिथं नुसतं धुकं होतं आणि धुक्यात काळी मुळं.

“नको शिकवू,” ती म्हणाली. “येईल आणि अडकेल. आहे तिथं राहू दे.”

मग तिनं नाक पुसलं. “पण आजी, घरी जाऊन मला काहीतरी खायला दे. मी सकाळपासून त्याच्या नावानं उपाशी आहे.”

सोनूबाईंनी दोरा ओढला. गळ वर आला, त्यावरची कोलंबी सुटून पाण्यात पडली. मासा तिच्याकडे वळलासुद्धा नाही. त्यांनी दोरा बोटांवर गुंडाळायला घेतला, दोनदा चुकला, आणि त्यांनी तो तसाच गुंता करून पदराखाली धरला. गळ त्यांच्या अंगठ्याला टोचला होता. नीलानं पाण्यातूनच हात लांबवून तो सोडवला.

परतीच्या वाटेवर नीलाच्या ओल्या लुगड्यातून पाणी ठिबकत होतं. कल्पिता पुढे चालत होती, मध्येच थांबून बांबूच्या आडोशाकडे बघत होती. धुकं आता वरून उसवायला लागलं होतं. सोनूबाई मोकळ्या केसांनी, एक हात नीलाच्या खांद्यावर ठेवून चालत होत्या. एरवी त्या कुणाचा आधार घेत नसत. त्यांचा हात जड होता, आणि तो रागाचा आहे की दमल्याचा, हे नीलाला उमगत नव्हतं. सासू घरी जाऊन काय सांगेल, जावेला काय सांगेल, वाड्याला काय सांगेल, याच्याच ती विचारात होती.

एक मातकट वंचक बगळा पायवाटेवरून उडून पाण्यावर गेला आणि पंख उघडताच पांढरा झाला.

“थंडीत खातो नीट?” सोनूबाईंनी विचारलं.

नीला थांबली. नातू गावाला असला की आजी विचारते, तसा तो आवाज होता.

“थंडीत कमी,” ती म्हणाली. “पन संक्रांत झाली का लागतो खायला.”

“आनि गरमीत? पानी तापतं तवा?”

“तवा खाली जातो. उघाडीजवल खड्डा हाय, तिथं बसतो. एकदा गरमीत पाच दिवस आला नाय. मला वाटलं गेला. मी रोज येऊन बसायची. सहाव्या दिवशी आला, आनि रागावल्यागत पानी उडवलं माझ्या अंगावर.”

सोनूबाईंनी मान हलवली, जसं काही त्यांना हे अपेक्षितच होतं. “मग?”

मग नीला सांगत सुटली. मोठ्या पुरानंतरचा पहिला पावसाळा, एका वर्षी डोळ्यावर आलेलं पांढरं जाळं आणि ते आपोआप कसं गेलं, कोलंबीची डोकी आवडतात पण बोंबलाला तोंड लावत नाही, अनोळखी सावली पडली की लांब उभा राहतो. इतक्या वर्षांत तिनं यातलं एक वाक्य कुणाला सांगितलं नव्हतं आणि आता ती वाक्यं एकमेकांना ढकलत बाहेर येत होती. सोनूबाई मधेमधे थांबवून विचारत होत्या, वजन किती असंल, दात कसे हायत, आजारी पडला तवा काय केलंस. फाटक जवळ आलं, मिथुन खुर्चीवरून उठला, नीलाचं भिजलेलं लुगडं बघून काही विचारणार होता. सोनूबाईंनी त्याला हातानं गप्प केलं.

“थांब रे जरा,” त्या म्हणाल्या. “ती सांगतेय.”